ओढ्याचा दिवा

(विज्ञान दिनानिमित्त एका प्राथमिक शाळेत मुलांसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे.)



आज विज्ञान दिन. तुमच्या गुरुजींनी मला सांगितले, "मुलांना विजेबद्दल काहीतरी सांगा." म्हणून मी येताना ही कापडी पिशवी बरोबर आणली आहे. हिच्यात काय आहे ते मी शेवटी दाखवणार आहे. तोपर्यंत कोणी आत डोकावायचे नाही!

आधी मला एक सांगा. तुमच्यापैकी कोणाकोणाच्या घराजवळून ओढा वाहतो? हात वर करा पाहू. अरे वा, बरेच हात वर झाले. मग ओढ्याच्या पाण्याचा उपयोग काय होतो? कपडे धुतात. गुरे पाणी पितात. शेताला पाणी देतात. मागून कोणीतरी म्हणाले, "खेकडे पकडतात." तेही खरेच. पण 'ओढ्यावर दिवा लागतो' असे कोणीच म्हणाले नाही. आज मी तुम्हांला ओढ्यावर लागणाऱ्या दिव्यांचीच गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट दूरच्या देशातली आहे. त्या देशाला युनायटेड किंग्डम म्हणतात. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड मिळून तो देश होतो. तिथे पाऊस बारा महिने पडतो, त्यामुळे बहुतेक ओढेही बारमाही असतात.

मी लहान होतो तेव्हा आमच्या वस्तीवर वीज आलेली नव्हती. संध्याकाळ झाली, की माझी आई चुलीतली राख घेऊन कंदिलाची काच पुसायला बसायची. काच स्वच्छ झाली नाही, तर उजेड पिवळा पडायचा आणि पुस्तकातली अक्षरे एकमेकांत मिसळायची. वस्तीच्या खाली एक ओढा होता. पावसाळ्यात त्याचा आवाज रात्रभर घरात ऐकू यायचा. त्या आवाजात उजेड दडलेला आहे, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते.

पाण्यात जोर असतो, हे तर तुम्ही पाहिलेच आहे. पुराच्या वेळी ओढा मोठमोठे ओंडके वाहून नेतो. या जोराचा उपयोग माणसाने फार पूर्वीपासून करून घेतला आहे. तुम्ही छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली आहे का? डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळातून तिथवर आणले होते. ते पाणी उंचावरून चाकावर पडे. चाक फिरले, की त्याला जोडलेले जाते फिरे आणि धान्य दळले जाई. दळायला माणूस नको, बैल नको. इंग्लंड-स्कॉटलंडमध्येही अशा हजारो पाणचक्क्या होत्या. तिथले लोक त्यांच्यावर गहू दळत, सूत काततही असत.

आता पाण्याने जाते फिरते, हे समजले. पण दिवा कसा लागतो?

तुमच्या आजोबांच्या जुन्या सायकलला मागच्या चाकाजवळ एक छोटी बाटली लावलेली असायची. तिला डायनामो म्हणतात. चाक फिरले, की बाटलीचे टोपण चाकाला घासून गरगर फिरे आणि पुढचा दिवा लागे. त्या बाटलीत असते काय? एक लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे. चुंबक तारेजवळ फिरत राहिला, की तारेत वीज खेळू लागते. हा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लंडनमध्ये लावला. फॅरडे लोहाराचे पुत्र होते. त्यांना फारसे शिकायला मिळाले नाही. ते पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात काम करीत आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून काढीत.

मग विचार करा. डायनामो सायकलच्या चाकाने फिरवला काय, नाहीतर पाणचक्कीच्या चाकाने फिरवला काय, त्याला काय फरक पडतो? चुंबकाला फिरण्याशी मतलब! पाण्यापासून वीज तयार करण्याची सारी युक्ती एवढीच आहे. पाणी चाकाला फिरवते आणि चाक चुंबकाला फिरवते. बाकी मग तारा आणि दिवे.

ही युक्ती घरातल्या दिव्यासाठी जगात सर्वांत आधी कोणी वापरली? इंग्लंडच्या उत्तरेला विल्यम आर्मस्ट्राँग नावाचे गृहस्थ होते. ते होते वकील. पण त्यांना मासे पकडण्याचा भारी नाद. एकदा ते डोंगराळ भागात नदीकाठी गळ टाकून बसले होते. जवळच एका दगडाच्या खाणीत पाण्याचे चाक फिरत होते. मासे काही गळाला लागेनात, की वकीलसाहेबांचे लक्षच चाकाकडे होते, कोण जाणे! ते चाकाकडे बघत बसले. त्यांच्या ध्यानात आले, की पाणी एवढ्या उंचावरून येते, पण त्याच्या जोराचा अगदी थोडा भाग चाकाला मिळतो. बाकीचा सगळा जोर फुकट जातो. त्या दिवसापासून पाण्याच्या जोराने त्यांना झपाटले. पुढे वकिली सोडून त्यांनी मोठा कारखाना काढला. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या त्यांनी बनवल्या. त्यांच्या कारखान्यात तोफाही बनत. ते मला फारसे आवडत नाही, पण खरे ते सांगितले पाहिजे.

या आर्मस्ट्राँग यांनी नॉर्थम्बरलंड परगण्यात टेकडीवर एक घर बांधले. त्याचे नाव क्रॅगसाइड. आसपासच्या ओढ्यांना बांध घालून त्यांनी तळी केली. त्या घरातली लिफ्ट पाण्याच्या जोरावर वर-खाली होई. १८७८ साली त्यांनी तळ्याच्या पाण्यावर चाक फिरवून डायनामो चालवला आणि घरातल्या चित्रांच्या दालनात विजेचा दिवा लावला. तो दिवा आजच्यासारखा नव्हता. कोळशाच्या दोन कांड्यांच्या मध्ये वीज उडी मारी आणि डोळे दिपवणारा उजेड पडे. दोन वर्षांनी, म्हणजे १८८० साली, त्यांचे मित्र जोसेफ स्वान यांनी बनवलेले काचेचे दिवे त्या घरात लागले. हे दिवे मात्र शांत होते. त्यांच्या उजेडात बसून वाचता येई.

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंत माणसाने आपल्या घरात दिवे लावले, त्यात गावाला काय मिळाले? अगदी बरोबर. मलाही तोच प्रश्न पडला होता.

त्याचे उत्तर पुढच्याच वर्षी मिळाले. इंग्लंडच्या दक्षिणेला गोडाल्मिंग नावाचे एक छोटे गाव आहे. वे नावाच्या नदीवर तिथे चामडे कमावण्याची गिरणी होती. १८८१ साली त्या गिरणीच्या पाणचक्कीला वीज तयार करणारे यंत्र जोडले आणि गावाच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. ज्याला हवी त्याने पैसे देऊन घरी वीज घ्यावी, अशीही सोय होती. अशी सार्वजनिक सोय जगात पहिल्यांदा झाली, ती लंडनमध्ये नव्हे, या छोट्या गावात! गंमत म्हणजे रस्ते खणून तारा पुरायची परवानगी नव्हती. मग तारा कुठून न्यायच्या? रस्त्याच्या कडेच्या गटारांतून! विजेच्या तारा गटारात! आज कोणी असे केले, तर वायरमनकाका त्याला पळवून लावतील.

पण नदी काही माणसाचे ऐकत नाही. पूर आला, की चाकाच्या खालीही पाणी साचे आणि चाक अडे. चाक अडले, की गाव अंधारात. मग वाफेचे इंजिन आणून दिवे चालवावे लागले. ग्राहकही थोडेच मिळाले. १८८४ साली गावाने कंटाळून पुन्हा गॅसचे जुने दिवे लावले. मुलांनो, एखादा प्रयोग पहिल्यांदा फसला, म्हणजे युक्ती चुकीची होती असे नाही. गोडाल्मिंगच्या लोकांना नदीचा स्वभाव पुरता कळला नव्हता, इतकेच.

स्कॉटलंडमध्ये फोर्ट ऑगस्टस नावाचे खेडे आहे. तिथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता. १८९० च्या सुमारास साधूंनी डोंगरातल्या पाण्यावर वीज तयार केली आणि ती खेड्यातल्या लोकांनाही दिली. मठात ऑर्गन नावाचे मोठे वाद्य होते. तेही विजेवरच चाले. त्याची एक गोष्ट तिथले लोक सांगतात. साधू प्रार्थनेला बसून ऑर्गन वाजवू लागले, की खेड्यातले दिवे मंद होत! घरोघरची माणसे समजत, मठात प्रार्थना सुरू झाली. वीज थोडी आणि मागणारे दोन. एकाने जास्त घेतली, की दुसऱ्याला कमी. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

आपल्या देशातही हे काम लवकर सुरू झाले. १८९७ साली दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे भारतातले पहिले छोटे जलविद्युत केंद्र उभे राहिले. १९१५ साली आपल्या खोपोलीत टाटांचे केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. पुढे कोयनेचे प्रचंड केंद्र आले. मोठी धरणे आली, मोठे मनोरे आले, शेकडो किलोमीटर लांब तारा आल्या. सगळ्या जगात असेच झाले. मोठ्या केंद्रांची वीज स्वस्त पडू लागली, तशी ओढ्याकाठची छोटी चाके एकेक करून थांबली. त्यांच्यावर शेवाळ चढले.

मोठ्या तारा मात्र सगळीकडे पोहोचत नाहीत. डोंगराच्या पलीकडच्या चार घरांसाठी, समुद्रातल्या एखाद्या बेटासाठी त्या टाकायला फार खर्च येतो. शिवाय दगडी कोळसा आणि तेल जाळून वीज केली, की धूर होतो, हवा तापते. म्हणून गेल्या काही वर्षांत लोकांना पुन्हा ओढ्यांची आठवण झाली.

ओढ्यात किती वीज आहे, हे कसे ओळखायचे? दोन गोष्टी मोजायच्या. एक, पाणी किती उंचावरून पडते. दुसरी, एका सेकंदाला किती पाणी येते. समजा, एका ओढ्यातून सेकंदाला १०० लीटर पाणी येते. म्हणजे पाण्याचे सहा-सात हंडे. ते १० मीटर उंचावरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून नळाने खाली आणले. तर त्यापासून सुमारे ७ किलोवॅट वीज मिळते. एक किलोवॅट म्हणजे एक हजार वॅट. आता आपल्या घरात १० वॅटचे एलईडी दिवे असतात. मग ७ किलोवॅटवर असे किती दिवे लागतील? करा हिशेब. बरोबर, ७०० दिवे! आणि उंची दुप्पट झाली, तर निम्म्या पाण्यातही तेवढेच दिवे लागतील. म्हणून डोंगरातला बारीकसा ओढाही कमी समजू नये. तो दिसतो लहान, पण येतो उंचावरून.

जिथे पाणी खूप पण उंची थोडी, तिथे काय करतात? तिथे एक जुनीच वस्तू कामाला आली. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीज नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या नावाने ओळखले जाणारे एक मळसूत्र आहे. मळसूत्र म्हणजे स्क्रूवर असतात तसे गोल गोल फिरत जाणारे आटे. एका मोठ्या नळीत असे मळसूत्र तिरपे ठेवायचे, त्याचे खालचे टोक पाण्यात बुडवायचे आणि ते हाताने फिरवायचे. पाणी आट्याआट्याने वर चढते. शेतकरी त्याने पाणी उपसत. मग कोणाच्या तरी मनात आले, हेच उलटे केले तर? पाणी वरून सोडले, तर ते खाली उतरता उतरता मळसूत्राला फिरवील. फिरणारे मळसूत्र वीज तयार करील. आणि झालेही तसेच!

इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात न्यू मिल्स नावाचे गाव आहे. तिथे दोन नद्यांचा संगम आहे. पूर्वी तिथे कापसाच्या गिरण्या होत्या आणि त्यांच्यासाठी नदीला दगडी बांध घातलेला होता. गिरण्या गेल्या, बांध राहिला. पाणी रोज बांधावरून नुसते पडत होते. २००८ साली गावकऱ्यांनी ठरवले, की या पाण्याला कामाला लावू या. दोनशेहून अधिक लोकांनी भाग घेऊन पैसे जमवले, अनुदान आणि कर्ज मिळवले आणि बांधाशेजारी भलेमोठे लोखंडी मळसूत्र बसवले. त्याच्यापासून ६३ किलोवॅटपर्यंत वीज मिळू शकते. लोकांनी स्वतः पैसे घालून स्वतःच्या मालकीचे जलविद्युत केंद्र उभे करावे, असे त्या देशात हे पहिलेच. आपण बैलाला सर्जा-राजा म्हणतो ना, तसे त्यांनी मळसूत्राचे लाडके नाव ठेवले 'आर्ची'.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. नदीतल्या माशांचे काय? मळसूत्रात सापडून ते मरणार नाहीत का? हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडला. मळसूत्र सावकाश फिरते आणि त्याच्या आट्यांमध्ये ऐसपैस जागा असते. मासा पाण्याबरोबर त्यातून घसरगुंडीवरून उतरावा तसा खाली उतरतो. पण त्याला वर जायचे असेल तर? सामन नावाचा मासा समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला नदीतून उलटा वर चढतो. त्याच्यासाठी बांधाच्या कडेने पायऱ्या-पायऱ्यांची पाण्याची वाट करतात. माशांचा जिनाच तो! शिवाय नदीचे सगळे पाणी यंत्राकडे वळवायला तिथे मनाई आहे. ठरावीक पाणी नदीत वाहते ठेवावेच लागते. पाणी कमी झाले, की यंत्र थांबते, नदी थांबत नाही. हा नियम मला फार आवडला.

आणि क्रॅगसाइडचे ते घर आठवते ना? तेही आता सर्वांना पाहायला खुले आहे. २०१४ साली तिथेही १७ मीटर लांबीचे असेच मळसूत्र बसवले. आर्मस्ट्राँग यांच्या तळ्याच्या पाण्यावर त्यांचेच घर पुन्हा उजळले.

आता आपण बेटावर जाऊ. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात एग नावाचे बेट आहे. नाव ऐकून हसू नका. इंग्रजीत अंड्याला एग म्हणतात, पण या बेटाचा अंड्याशी काही संबंध नाही. बेट जेमतेम ९ किलोमीटर लांब आणि ५ किलोमीटर रुंद. बेटावर काळ्या दगडाचा एक उंच सुळका. आपल्या सह्याद्रीतला एखादा किल्ला उचलून समुद्रात ठेवावा, तसा दिसतो. बेटावर माणसे किती? साधारण शंभर! तुमच्या शाळेत त्याहून जास्त मुले असतील.

हे बेट पूर्वी एकेका श्रीमंत मालकाच्या ताब्यात असे. मालक बदलत, पण बेटावरच्या लोकांना घराची, जमिनीची खात्री नसे. शेवटी १९९७ साली लोकांनीच संस्था स्थापन केली, देशभरातून पैसे जमवले आणि ते बेट विकत घेतले. आपले बेट आपले झाले. पण वीज?

समुद्राखालून तार आणायची तर अफाट खर्च. त्यामुळे बहुतेक घरी डिझेलवर चालणारे जनित्र होते. आपल्याकडे लग्नाच्या मांडवाशेजारी धडधडत असते, तसले. डिझेल बोटीने यायचे. समुद्र खवळला, की बोट यायची नाही. डिझेल महाग, म्हणून जनित्र दिवसातून काही तासच चालवायचे. जनित्र बंद केले, की दिवा बंद, शीतकपाट बंद. हिवाळ्यात तिथे दिवस सातच तासांचा असतो. दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळतो. मग पुढची लांबलचक रात्र कशी काढायची? घरात उजेड हवा, तर बाहेर धडधड आणि धूर. शांतता हवी, तर अंधार.

लोकांनी बेटाकडे नीट पाहिले. पाऊस भरपूर. ओढे उताराचे. वारा तर सतत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे ऊनही मिळणार. मग त्यांनी तिन्ही गोष्टी एकत्र जोडल्या. सर्वांत मोठा वाटा ओढ्यांचा. वर ओढ्यात छोटासा बांध घालून पाणी जाळीतून नळात घेतले. तो नळ उतारावरून खाली आणला. खाली छोट्या खोलीत चाक आणि वीज तयार करणारे यंत्र. काम झाल्यावर पाणी पुन्हा ओढ्यात. पाणी कुठे संपत नाही, मळत नाही. अशी तीन केंद्रे उभी राहिली. मोठे १०० किलोवॅटचे आणि दोन अगदी लहान, पाच-सहा किलोवॅटची. त्यांच्या जोडीला चार पवनचक्क्या आणि सूर्याच्या उन्हावर चालणाऱ्या पाट्या. जास्तीची वीज साठवायला बॅटऱ्यांची खोली. सुमारे ११ किलोमीटर तार जमिनीखालून पुरली आणि १ फेब्रुवारी २००८ या दिवशी बेटावर पहिल्यांदा चोवीस तास वीज आली.

कोयनेचे केंद्र १,९६० मेगावॅटचे आहे. म्हणजे १९ लाख ६० हजार किलोवॅट. त्याच्यापुढे एगचे १०० किलोवॅट म्हणजे हत्तीपुढे मुंगी. पण मुंगीचे घरही मुंगीएवढेच असते ना! बेटाला तेवढी पुरते.

पुरते कशी, ते ऐका. कारण खरी गोष्ट इथेच आहे. बेटावर त्या वेळी सुमारे चाळीस घरे होती. समजा, प्रत्येक घराने एकाच वेळी ५ किलोवॅट वीज ओढली. चाळीस पाचे दोनशे. एवढी वीज ओढे आणि पवनचक्क्या मिळूनही देऊ शकणार नाहीत. फोर्ट ऑगस्टसच्या ऑर्गनची गोष्ट आठवली का? मग भांडणे नकोत, म्हणून लोकांनी आपसात ठरवून एक नियम केला. कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॅटपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही. दुकान, कार्यालय असेल तर १० किलोवॅट. घर मोठे असो, लहान असो, मालक असो, भाडेकरू असो, नियम सर्वांना सारखा. आपल्याकडे सार्वजनिक नळावर 'आधी दोन-दोन हंडे सर्वांनी भरा' असे ठरवतात, तसेच.

५ किलोवॅटमध्ये काय काय चालते? दिवे, रेडिओ, संगणक यांना फारच थोडी वीज लागते. पाणी उकळायची विजेची किटली मात्र ३ किलोवॅट खाते. कपडे धुण्याचे यंत्र पाणी तापवताना २ किलोवॅट घेते. तीन आणि दोन झाले पाच. आता त्याच वेळी कोणी इस्त्री लावली तर? खटकन सगळे बंद! मग घरात बसलेल्यांना एकमेकांकडे बघून हसावे लागते, कारण वीज परत सुरू करायला बेटावरच्या देखभाल करणाऱ्या माणसाला बोलवावे लागते आणि त्याचे पैसेही मोजावे लागतात. म्हणून तिथली मुलेसुद्धा विचारतात, "आई, यंत्र चालू आहे का? मग मी चहा नंतर ठेवतो." घरात किती वीज चालू आहे हे दाखवणारा मापक असतो. त्यावर नजर टाकायची त्यांना सवयच झाली आहे.

आणि जेव्हा खूप पाऊस, खूप वारा असतो, तेव्हा वीज उरते. ती फुकट घालवत नाहीत. गावाचे सभागृह, चर्च अशा सर्वांच्या जागा त्या विजेने ऊबदार ठेवतात. जास्तीची वीज कोणा एकाच्या घरात जात नाही, हे लक्षात आले का तुमच्या?

पण सगळे गोड गोडच झाले असे नाही. २०१० च्या उन्हाळ्यात पाऊस नीट पडलाच नाही. ओढे आटले. वाराही पडला. मोठ्या चाकाला पाणी मिळेना. तेव्हा बेटावर निरोप फिरला, की किटली, टोस्टर अशा वस्तू शक्यतो वापरू नका, वीज जपा. बेटावर अडीअडचणीसाठी डिझेलची दोन जनित्रे ठेवलेली आहेत. ती चालवावी लागली. काही लोकांना वाटले असेल, बघा, ओढ्यावर विसंबले की असे होते! मला मात्र वाटते, ओढ्यावर विसंबणारा माणूस आकाशाकडे बघायला शिकतो. आपला कोरडवाहू शेतकरी काय वेगळे करतो? पुढे बेटवाल्यांनी सूर्याच्या उन्हावर चालणाऱ्या पाट्या वाढवल्या. कारण ओढे आटतात तेव्हा बहुधा ऊन असतेच. वर्षभराचा हिशेब केला, तर बेटाची बहुतेक वीज पाणी, वारा आणि ऊन यांच्यापासूनच मिळते.

हे सगळे सांभाळते कोण? बाहेरून कोणी साहेब येत नाही. बेटावरच्याच काही माणसांना शिकवून तयार केले आहे. शरद ऋतूत झाडांची पाने ओढ्यात पडतात आणि जाळीवर अडकतात. जाळी तुंबली, की नळात पाणी जात नाही आणि चाक मंदावते. मग कोणीतरी गमबूट घालून, पावसात वर चढून, पंजाने पाने ओढून काढतो. एवढी मोठमोठी यंत्रे, पण त्यांचे सारे काम शेवटी मूठभर ओल्या पानांवर अडते! आपल्याकडे पाटाच्या तोंडाशी अडकलेला पाला काढतात, तेच हे काम. तुमच्यातल्या किती जणांनी ते केले आहे? पुन्हा हात वर झाले. म्हणजे निम्मे काम तुम्हांला आत्ताच येते.

एगच्या बेटावर तुमच्यासारखीच छोटी प्राथमिक शाळा आहे.

बरे, आता पिशवी. मघापासून पहिल्या रांगेतल्या त्या दोघांची नजर तिच्यावरून हललेली नाही! ही पाहा. ही फाटक्या रबरी चपलेतून कापलेली गोल चकती. तिच्या कडेला आठ चिरा पाडून त्यांत प्लॅस्टिकचे आठ चमचे बसवले आहेत. सगळ्या चमच्यांची तोंडे एकाच दिशेला. चकतीच्या मध्ये ही जुन्या टेपरेकॉर्डरची छोटी मोटर. मोटरला वीज दिली, की ती फिरते. पण आपण उलटे करायचे. आपण तिला फिरवायचे, म्हणजे ती वीज देते. तिच्या आत काय आहे, सांगा? शाब्बास, चुंबक आणि तारेचे वेटोळे. आणि या दोन तारांना जोडलेला हा इवलासा लाल एलईडी दिवा. मोटरला पाणी लागू नये, म्हणून तिच्यावर डब्याचे झाकण लावले आहे. हा प्रयोग घरी करायचा असेल, तर एक लक्षात ठेवा. भिंतीतल्या विजेच्या बटणाशी किंवा तारेशी याचा काही संबंध येऊ द्यायचा नाही. आपली वीज फक्त पाण्याची.

तुमच्या शाळेच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, हे मी आल्याबरोबर पाहून ठेवले. तिचा नळ खाली अंगणात आहे. म्हणजे उंची झाली, पाणीही झाले. नळाखाली बादली ठेवा, ते पाणी नंतर झाडांना घालू. सर्वांनी गोल उभे राहा, लहान मुले पुढे. दिवा बारीक आहे, उन्हात दिसायचा नाही, म्हणून दोघांनी त्याच्याभोवती ओंजळ धरा. नाही लागला, तर दिव्याच्या तारा अदलाबदल करून पाहू, कधी कधी तेवढ्यानेच लागतो.

चला, नळ कोण सोडणार?